काळी चारचा ऑर्गन

बाळीवेस, सोलापूर
२ ऑगस्ट १९७४

दाक्षायणीस,

स्वतःच्या हातानं मी काय केलं ते लिहितो. तार गुंडाळायचं वाइंडिंग यंत्र, जुन्या रहाटाच्या चाकाचं, अजून चालतंय. रेडिओचे व्हॉल्व्ह तपासायचा टेस्टर, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांपाशी जो अँप्लिफायर वाजतो तो, आतल्या ट्रान्सफॉर्मरसकट. तुझ्या अव्वाच्या शिलाई मशीनची मोटर, जी ती चालवत नाही कारण तिला पायानंच बरं वाटतं. तू सहावीत असताना प्रदर्शनात नेलास तो रेडिओ; बक्षीस तुला मिळालं, पण तारांना कथलाचा डाक मी लावला होता. आणि तुझ्या पेटीचे सूर. पेटी विकत घेतलेली होती हे खरं. पण तू समोर बसून गायचीस आणि मी एकेक सूर कानशीनं घासत तुझ्या गळ्याला आणून बसवायचो, तेव्हा ते काम मी माझंच धरतो.

हे लिहायचं कारण तुला ठाऊक आहे. पंचमीला तुला माहेरी न्यायला मुराळी म्हणून विजापूरला आलो, तर तू उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणालीस, "आप्पा, लोकांनी बिघडवलेलं तुम्ही नीट करता. स्वतःच्या हातानं काय केलंत?" आणि आत निघून गेलीस. तुझ्या सासूबाईंनी चहा दिला. सासरे अडतीवरून आले, बाजारभाव बोलले. "यंदा नाही जमत म्हणते ती, पुढच्या वर्षी बघू," असं मला सांगण्यात आलं. लाह्यांचे लाडू मी तुझ्याकडे ठेवून आलो. आईचा जीव, म्हणून तुझ्या अव्वाला तू खाल्लेस असं सांगितलं आहे.

पंचमीला लेक माहेरी आली नाही असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. झोका बांधला होता, तो तसाच आहे. शेजारच्या पोरी येऊन खेळतात.

असो. घरात नवीन सामान आलं आहे ते कळवतो. सूतवाले संगप्पा सावकार तुला आठवत असतील. त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठी कपाटासारखी पेटी होती, वर देवाच्या तसबिरी मांडलेल्या. मिलचा इंग्रज मॅनेजर मायदेशी परत गेला तेव्हा सावकारांनी लिलावात घेतलेली. तो अमेरिकन ऑर्गन आहे, विजेवरचा. हवा लागत नाही, भाता नाही. सूर व्हॉल्व्हमधून निघतो. आता सावकारांच्या मुलाचं लग्न आहे. मला बोलावून म्हणाले, "मायाप्पा, हे धूड घिऊन जा की. पाव्हनं बसायला जागा न्हाय. न्हाईतर बंबात घालतो, लाकूड चांगलं हाय."

हातगाडीवरून आणला. तुझ्या खोलीत ठेवला आहे, कारण दुसरीकडे मावत नव्हता.

मायाप्पा

*

बाळीवेस, सोलापूर
१० नोव्हेंबर १९७४

दाक्षायणीस, आशीर्वाद.

दिवाळीचं लुगडं आणि फराळ वेगळा पाठवला आहे. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी फराळ पोचल्याचं कळव.

ऑर्गनची हकिकत. मागची फळी काढली तेव्हा आत उंदरांचं घर होतं. पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, खाऊन त्यांनी त्यावरच पिल्लं वाढवली होती. आणि सगळीकडे सूत. सावकारांच्या माडीखाली पूर्वी माग होते, तिथला पांढरा भुगा वर्षानुवर्षं फटीफटीतून आत जाऊन बसला होता. गादी भरावी तसा. तो मी पक्ष्याच्या पिसानं आणि सायकलच्या पंपानं काढला. तुझी अव्वा दारात उभी राहून म्हणाली, "घाला, ह्यातली एक उशी करून घाला. ह्या मशीनला तरी झोप लागू दे, आमाला तर लागंना."

मग कंडेन्सर. मेणकागदाचे जुने कंडेन्सर वरून धडधाकट दिसतात, आतून वीज गळत असते. त्यांच्यावर विश्वास ठेवून कोणी सरळ बटण दाबलं असतं तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. मी एकही जुना ठेवला नाही. यंत्र एकशे दहा व्होल्टचं, आपल्याकडे दोनशे तीस, तेव्हा उतरवणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. काही व्हॉल्व्ह मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळाले. तिथला दुकानदार म्हणाला, "हे कशाला हवेत? फेकून द्या ते खोकं, आता ट्रान्झिस्टर आलाय." मी व्हॉल्व्ह घेतले आणि निघालो. माणसाला जे नीट करता येत नाही ते तो फेकायला सांगतो.

तुझी अव्वा काल जेवताना म्हणाली, "ह्या पेटाऱ्याला रोज हात लावताय, पुसताय, विचारताय काय दुखतंय म्हणून. पोरीला कधी विचारलं का?"

मी म्हणालो, "पोरीचं घर चांगलं आहे. अडतीचं दुकान, दोन मजली घर, जावई निर्व्यसनी."

"लग्नाच्या बैठकीत तिच्या गाण्याचं निघालं तवा तुमी पानाला चुना लावत बसला होता," ती म्हणाली.

तुझे सासरे तेव्हा म्हणाले होते की घरात देवापुढं म्हणेल की, कोण नको म्हणतंय. हे मी ऐकलं होतं. त्याच्यापुढं बोलायचं काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आता देवापुढंही म्हणू देत नाहीत हे मला तुझ्याकडून नव्हे, तुझ्या अव्वाकडून कळतं.

थंडी पडली आहे. गळ्याला जप. सवयीनं लिहिलं.

आप्पा

*

बाळीवेस, सोलापूर
२० जानेवारी १९७५

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

यंदाचा गड्डा झाला. नंदीध्वज आपल्या बोळाच्या तोंडावरून गेले. अँप्लिफायरनं एकदाही दगा दिला नाही.

तुला दिवस गेल्याचं दानम्मा मावशीकडून कळलं. तिची नणंद तुमच्या गल्लीत दिली आहे म्हणून. आम्हाला तिसऱ्याकडून कळलं, पण कळलं. तुझी अव्वा दिवसभर नुसती येरझारा घालत होती. शेवटी डिंक कुटायला बसली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे मी तुला सांगायला नको. तुझी खोली मोकळी करतो. ऑर्गन भिंतीला सरकवला की खाट बसते; मी मापं घेतली आहेत.

ऑर्गनची मागची फळी उंदरांनी कुरतडली होती ती बदलली. जुनी निघाली ती सागवानी, कडा सोडल्या तर शाबूत. तिचा पाळणा केला. खिळा एक नाही, सगळे सांधे कुसवात बसवले आहेत. रिकामा पाळणा हलू नये म्हणून तुझ्या अव्वानं तो दोरीनं खुंटीला आवळून ठेवला आहे.

आता यंत्र बोलतं. पण एक रोग निघाला. सकाळी सूर वर, संध्याकाळी खाली. दोन दिवस मी कॉइलमध्ये दोष शोधत होतो. मग लक्षात आलं की दोष यंत्रात नाही. संध्याकाळी आपल्याकडचे आणि तिकडे अक्कलकोट रोडचे सगळे माग एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं, बल्ब लाल होतो आणि त्याच्याबरोबर सूरही बसतो. गावात टॉवेल विणला जातोय आणि इथं माझा षड्ज उतरतोय! तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. हसायचीस तेव्हा तुझा वरचा सूर आधी यायचा.

त्याच्यावर स्टेबिलायझर केला आहे. आता गावानं काय वाटेल ते करावं, आत वीज सारखीच जाते.

तुला न्यायला कधी येऊ ते एका ओळीत कळव. कार्ड सोबत घातलं आहे, पत्ता लिहून.

आप्पा

*

बाळीवेस, सोलापूर
६ एप्रिल १९७५

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली हे ऐकून आनंद झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे सगळ्यात मोठं.

बाळंतपण विजापूरलाच करायचं हे तू स्वतः ठरवलंस, सासरच्यांनी नव्हे, असं तुझी अव्वा सांगते. तसं असेल तर मी काही म्हणत नाही. बोळातले विचारतात, मी सांगतो की तिथं मोठं हॉस्पिटल आहे.

तुझी अव्वा पंधरा दिवस तुझ्याकडे राहून परवा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलायला लागली. बाळाचं नाक माझ्यावर आहे म्हणे. ते काही फार चांगलं नाही, पण चालेल. मग पिशवी न सोडताच खाली बसली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "पोरगी रडती तवा तिची आजी थोपटून झोपवती. आपली दाक्षा शेजारी बसती, तोंड शिवल्यागत. जोजवायला दोन ओळी म्हन म्हटलं, तर म्हनती, अव्वा, आता येत न्हाय."

येत नाही असं होत नाही. वापरात नसलेलं यंत्र आणि बिघडलेलं यंत्र यात फरक असतो. हे मी अनुभवानं लिहितो.

आणि तुझी अव्वा म्हणाली की निघताना तू तिला एकच गोष्ट विचारलीस: आप्पांनी ऑर्गनला सूर कुठला लावलाय?

म्हणजे माझी पत्रं तू वाचतेस.

त्याचं उत्तर आत्ता देत नाही, काम व्हायचं आहे. पद्धत सांगतो. या ऑर्गनमध्ये बारा सुरांच्या बारा कॉइल आहेत. एका सुराची कॉइल लावली की त्या सुराच्या वरच्या-खालच्या सगळ्या सप्तकांतल्या पट्ट्या आपोआप तिच्यामागं येतात. कॉइलच्या पोटात एक पेच आहे, तो फिरवला की सूर चढतो-उतरतो. पण पेचाला लोखंडी डिसमिस लावला की लोखंडामुळंच सूर हलतो; लावताना बरोबर, डिसमिस काढला की चूक. म्हणून मी लाकडाचा डिसमिस केला. मागाचा एक मोडका धोटा होता, गुळगुळीत, तेल प्यालेला. त्याचं टोक तासून घेतलं. इतकं चांगलं हत्यार मला विकत मिळालं नसतं.

यंत्र तापू द्यायचं. मग दोन सूर एकत्र धरायचे. न जुळलेल्या दोन सुरांमध्ये लाट ऐकू येते, वॉव् वॉव् वॉव्. पेच फिरवत जावं तशी लाट संथ होते, आणि एका जागी थांबते. ती थांबली की मी हात काढतो. पुस्तकातली आकडेमोड माझ्याकडे नाही. मला लाट थांबलेली कळते.

माळ्यावरून तुझी पेटी खाली काढली आहे. मिळवून बघायला लागते, म्हणून. तू जाताना ती नेली नाहीस आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवलीस, ती मला सापडली.

आप्पा

*

बाळीवेस, सोलापूर
२२ जुलै १९७५

चि. सौ. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद. चि. बाळाला पापा.

ऑर्गन पूर्ण झाला. पट्ट्या उकळलेल्या दुधासारख्या पिवळसर होत्या, त्या तशाच ठेवल्या आहेत; वय दिसलं तर बिघडत नाही. लाकडाला जवसाचं तेल दिलं. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसतो आणि थोडा वेळ चालू ठेवतो, कारण व्हॉल्व्हला नुसतं बसवून ठेवणं मानवत नाही. तुझी अव्वा आता त्याच्यावर ओला हात ठेवत नाही. तिनं स्वतःच्या जुन्या इरकलीचं झाकण शिवलं आहे. पायाच्या मशीनवर.

बातमी गावात पसरली. परवा मानसिंगराव म्हणून एक गृहस्थ आले, त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. पंढरपूर, बार्शी, लातूर, लग्नं आणि गणपती, सगळीकडं फिरतात. माणूस बरा. चपला बाहेर काढून आत आला. आधी त्यानं ऑर्गनचा आवाज ऐकला, डोळे मिटले, म्हणाला, "मास्तर, ह्यो आवाज मी फकस्त सिनेमात ऐकलाय."

मग बसला आणि पांढरी एक पट्टीवरून एक चाल वाजवायला लागला. चारच सूर झाले आणि थांबला. पुन्हा वाजवलं. म्हणाला, "ह्यो सूर उतारलाय की."

मी म्हणालो, "उतरलेला नाही. आहे तिथंच आहे."

"अवो, लांडग्यागत वरडतंय. काळी एकवर बघू." तिथंही तेच. "पांढरी चार?" तिथं तर जास्त. तो माझ्याकडं बघायला लागला. एवढं सगळं करून ह्या माणसाला सूर लावता येत नाही, हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता येत होतं. मला राग आला. तो चुकला होता म्हणून नव्हे. त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच होता.

मी म्हणालो, "काळी चार धरा. तिला षड्ज माना आणि वाजवा."

त्यानं काळी चार धरली. हळूहळू वर गेला, गंधारावर आला आणि तिथंच थांबून राहिला. बोट उचलेना. लाट नाही, काही नाही. पाणी भरून ठेवलेल्या घागरीसारखा सूर. बोळातून जाणारी भाजीवाली गोजरबाई दारात थांबली, ओरडायची विसरली.

मानसिंगराव म्हणाले, "हितं गोड हाय. लई गोड. पर ह्या एका जागेवरच. हे असं कसं लावलंय तुमी? हे तर एकाच गळ्याचं झालं."

मी पेटीवाला आहे, दाक्षायणी. पेटी लावताना गाणाऱ्याला समोर बसवून लावायची, त्याच्या षड्जापासून बाकीचे अकरा सूर मोजायचे, हेच मला येतं. ऑर्गन तसा लावत नाहीत. तो सगळ्यांसाठी असतो, म्हणून त्याचा प्रत्येक सूर थोडा थोडा चुकवून बसवतात, म्हणजे कुठूनही वाजवलं तरी सारखंच लागतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. संगप्पा सावकारांच्या गड्यानं ऑर्गनच्या बाकाखालचं इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं, त्यात आहे, मी डिक्शनरी घेऊन वाचलं. पण पेच हातात आला तेव्हा तुझी पेटी शेजारी होती आणि मी कानाचं ऐकत गेलो.

मानसिंगराव म्हणाले, "माझ्याकडं गाणारे सहा जण, प्रत्येकाची पट्टी येगळी. तुमी पियानोगत सारखा लावून द्या. बारा तर पेच हायेत. सकाळी बसला तर दुपारच्या जेवणाला मोकळं व्हाल. टेम्पो मी आणतो."

ते खरं आहे. एका सकाळचं काम आहे. आणि एकदा ते केलं की आत्ता आहे ते परत लावता येणार नाही. पेटीचे सूर आता चार वर्षं जुने झाले, दोन तर मला मिळवताना बसलेले सापडले, ते मी आठवणीवरून लावले. दुसऱ्यांदा ती आठवण इतकी नेमकी राहील याची मी हमी देत नाही. मी कामाची हमी देतो, आठवणीची नाही.

मी विचार करायला एक दिवस मागितला. ते दुसऱ्या दिवशी आले, टेम्पोवाल्याला घेऊनच. म्हणाले, "मास्तर, खरं सांगा, गिऱ्हाईक आधीच ठरलंय का? कुनासाठी लावलाय ह्यो?"

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाचं नाव आम्ही सांगत नसतो."

आतून तुझी अव्वा ओरडली, "विजापूरचं गिऱ्हाईक हाय. आगाऊ काय दिलं न्हाय त्यानं, आन् येतंय का न्हाय ते बी ठाऊक न्हाय!"

मानसिंगराव हसले, मग हसायचे थांबले. चहा घेतला. जाताना काळी चार एकदा बोटानं दाबून गेले.

पंचमी जवळ आली. मी मुराळी म्हणून येतोय. या वेळी मी उंबऱ्यापाशी चहा पिऊन परतणार नाही. तुझ्या सासऱ्यांपुढं सोप्यावर बसणार आहे, पान खाणार नाही, आणि तुझ्या गाण्याबद्दल बैठकीत जे बोलायचं राहिलं ते त्यांच्या भावांसमोर बोलणार आहे. त्यांना राग आला तर येऊ दे. ते नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसेन. उतरायला बसप्पांची धर्मशाळा आहे, मी चौकशी केली आहे. तू बाहेर यायचं की नाही ते तू ठरव. पाळण्याची दोरी तुझ्या अव्वानं आजच सोडली, मला न विचारता.

सूर कुठला लावलाय, असं तू विचारलं होतंस. काळी चार. तुझी.

मानसिंगरावांना मी नाही म्हटलं. नऊ हजार देत होते, रोख.